मागच्या चुलीवरचं खतखतं

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक मुलगी फार दूर शिकून, बारा वर्षांनी गौरीच्या सणाला घरी परतली. वाटेत तिनं मनाशी पान मांडून ठेवलं होतं. वडिलांच्या घरची पुरणपोळी आणि आईच्या समुद्रकाठच्या माहेरचं खतखतं शेजारी शेजारी वाढलेलं असेल. इतक्या वर्षांत एवढं तरी झालंच असेल.

प्रत्यक्षात पुढच्या स्वयंपाकघरात थोरल्या काकूंची सणाची लगबग चालली होती आणि आई मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडत होती. उद्या सगळ्यांची जेवणं झाली की त्यावर ती वीतभर पातेलीत खतखतं करणार होती, आपल्या एकटीपुरतं. अळकुड्यांसारखे कंद धरून सात-आठ भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळांच्या वासानं काकू नाकाला पदर लावायच्या.

"आई, अजून मागेच?" मुलगी म्हणाली.

"मागे तर मागे. वर्षातून एकदा माझ्या हातचे, माझ्या चवीचे दोन घास पोटात जातात. काय वाईट आहे?"

मुलगी पेटून उठली. तशीच ती काकूंपुढे जाऊन उभी राहिली. "काकू, उद्या खतखतं पुढच्या चुलीवर होणार. सगळ्यांच्या पानात!"

काकू हसल्या. "कर की बाई. एवढी शिकून आलीस, आता आम्हाला जेवायलाही शिकव! फक्त ते तिरफळ नको. पाहुण्यांना वाटायचं, काढाच वाढलाय."

एका तिरफळावरून कशाला अडायचं, असं म्हणून मुलीनं मान डोलावली.

सकाळी काकू म्हणाल्या, "अळकुड्यांनी घसा खाजतो गं. बटाटे घाल." तिनं बटाटे घातले. "ओलं खोबरं आपल्याकडे कोण खातं? सुकं भाजून घाल. आणि आपला काळा मसाला, दाण्याचं कूट. त्याशिवाय कुणी हात लावणार नाही." तिनं तेही घातलं. दोन घरं एका पातेल्यात येत होती, मग थोडं इकडचं, थोडं तिकडचं होणारच.

आई दाराशी येऊन पातेल्यात डोकावली. "चव बघितलीस?"

"नैवेद्याआधी कशी बघू? आपल्याकडे चालत नाही ना."

"हो, तेही खरंच," आई म्हणाली आणि केळीची पानं पुसायला निघून गेली.

पंगत बसली. पाहुण्यांनी दोनदोनदा वाढून घेतलं. "धाकट्या वहिनींच्या माहेरचं होय हे? आणि इतकी वर्षं लपवून ठेवलंत!" मुलीचे डोळे भरून आले. आईनं एक घास घेतला, गिळला आणि म्हणाली, "छान झालंय."

संध्याकाळी मुलगी मागच्या अंगणात गेली. आई चुलीचे दगड उचलून भिंतीशी रचत होती.

"आज तुझं केलं नाहीस?"

"आता पुढे होतं ना. परत मागे केलं तर लोक म्हणतील, पुढे आणलं तरी हिचं समाधान नाही. जाऊबाई म्हणाल्या, दरवर्षी असंच करायचं."

"पण ते तुझ्यासारखं नव्हतं, आई!"

"नव्हतंच. पण नाव माझंच लागलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू सगळं काकूंना विचारत होतीस. मला कुठे काय विचारलंस?"

इतकी वर्षं कुणी आईच्या पातेलीला हात लावला नव्हता. तो आज तिनं लावला होता, आणि तोही आईच्या मानासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं ठरवलं, आणि या वेळी आधी आईला विचारलं. "काकूंना खरं सांगू का?"

आईनं भिंतीशी रचलेल्या दगडांकडे पाहिलं. "सांग. पण मी आता मागे चूल मांडणार नाही. ते गेलं ते गेलं."

मुलगी स्वयंपाकघरात गेली. "काकू, कालचं खतखतं आईचं नव्हतं. यापुढे तिच्या नावानं ते रांधायचं नाही. पाहुण्यांनाही मी घरोघर जाऊन सांगणार आहे."

काकूंचे कणकेतले हात थांबले. "म्हणजे आमचं चुकलं म्हण की!"

"नाही," मुलगी म्हणाली. "माझं."

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याचं आहे त्यालाच न विचारता त्याला मान द्यायला गेलं, की त्याच्याजवळ होतं तेवढंही हिरावलं जातं.