ओढ्याच्या तीन बाटल्या

"सही का करत नाही, चाचा?"

केळुसकरनं तिसऱ्यांदा विचारलं. माणूस बाहेरदेशी डॉक्टरेट करून आलेला, पण पाणी तपासायला शिकला तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत, दस्तगीर चाचांच्या हाताखाली. साबणात घालायचा नवा वास त्यानं स्वतः तयार केला होता. त्यामुळे मान ताठ. 'हा वास पाण्यात लवकर कुजून संपतो' असा कागद. खाली चाचांची सही झाली की माल बाहेर पडणार, घराघरांतल्या मोरीतून वाहणार.

मी शेजारी बाटल्या धूत होतो. माझं कामच ते.

"अठ्ठावीस दिवसांत पाण्यातल्या जंतूंनी सगळा वास खाल्ला. कागद बघा की."

"जंतू कुठले?"

"आपल्या कारखान्याच्या टाकीतले."

"म्हणजे वर्षभर तुझा हाच वास चाखून त्याला सरावलेले."

केळुसकरनं कागद पुढे सरकवला.

"ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या नाही भरल्यास?"

"...भरल्या होत्या. तीन."

"कागदावर दिसत नाहीत."

"त्यातले जंतूच मरतुकडे निघाले, चाचा. वासाला तोंड लावलं नाही."

चाचांनी चष्मा काढला.

"त्याच पाण्याच्या एका बाटलीत साखर घातली होतीस ना? जंतू जिवंत आहेत का बघायला?"

"तुम्ही शिकवलंत तसंच केलं."

"खाल्ली का साखर?"

केळुसकर कागदाचा कोपरा दुमडू लागला.

"डॉक्टर, मी विचारतोय."

"खाल्ली. चार दिवसांत."

त्याचे कान लाल झाले. धडधाकट जंतू, आणि याच्या वासाला शिवले नाहीत. हे मला बाटल्या धुणाऱ्याला कळलं. त्याला कळलं नव्हतं होय!

चाचांनी कागद फाडला नाही, की आवाज चढवला नाही. पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

"त्या तीन बाटल्या आण."

"ओतून दिल्या..."

"कुठे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हातातली बाटली केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी मी घासत राहिलो. ओतल्या मीच. 'कुणाला बोलू नका' म्हणाला, मी बोललो नाही.

"मोरीत," मी म्हणालो.

"मोरी कुठे जाते?"

"ओढ्याला."

केळुसकर जमिनीकडे बघत पुटपुटला, "थोडंसंच होतं, चाचा."

चाचा उठले. खिडकी उघडली. खाली ओढा वाहत होता.

"मला काय सांगतोस... त्याला सांग."