कोरड्या खाडीतली होडी

सावरी संस्थानात पूर्वी खाडीतून रोज उतारूंची होडी चालायची. ती बंद पडली आणि ओहोटीची वेळ साधली नाही, तर साध्या बाजाराला जायचं तरी लोकांना डोंगराला वळसा घालून दिवसभर तंगडतोड करावी लागू लागली. शेवटी हौसाबाई तांडेलने महाराजांकडे अर्ज केला आणि महाराजांनी पाहणीला दिवाण धाडले. गावाला कोण आनंद! होडीला रंग लागला, काठावर तोरणं चढली.

दिवाण होते घाटावरचे. आले तेही नेमके ओहोटीला! बग्गी पलीकडे ठेवून, जोडेही न भिजवता ते वाळूवरून चालत अलीकडे आले आणि गरजले, "इथे बेडकाचेही पाय भिजायचे नाहीत! होडी कसली चालवताय?" लगेच कागदावर त्यांनी लिहिलं, 'खाडी कोरडी आहे. होडी चालणे अशक्य.' खाली सही, वर शिक्का.

लोकांची तोंडं उतरली. हौसाबाई मात्र हसून म्हणाली, "बरं साहेब. आलाच आहात, तर दोन घास खाऊन जा."

सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी! दिवाण आडवा हात मारून जेवले आणि ओसरीवर तीन तास घोरले. जागे होऊन बघतात तो खाडी दुथडी भरलेली आणि बग्गी पलीकडे!

"अगं बाई, होडी काढ लवकर!"

हौसाबाईने हात जोडले. "कोरड्या खाडीत होडी कशी घालू, साहेब? सहीशिक्क्यानिशी तुम्हीच लिहिलंय. आलात तसे चालत जा."

सगळा काठ खदखदून हसला. दिवाणांनी कागद टराटरा फाडला. नवा लिहून होईपर्यंत हौसाबाईने वल्ह्याला हात लावला नाही. आणि मग जी होडी सुटली, ती आजतागायत रोज सुटते आहे.