मंजुळा सुतारणीच्या चार खिडक्या

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. राज्याचं नाव मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. राजा न्यायी होता, शूर होता, फक्त बोलायला जरा जास्तच गोड होता.

या राजाकडे सत्यजिव्ह नावाचा जादूगार पाहुणा आला. तीन दिवस राहिला, तीन दिवस जेवला. निघताना राजा हात जोडून म्हणाला, "महाराज, हे राज्य आपलंच आहे." तुमच्याआमच्यासारखा माणूस हसून निघून गेला असता. सत्यजिव्ह मागे फिरला आणि जाऊन सिंहासनावर बसला.

"उठा तिथून!" प्रधान ओरडला.

"का उठू? राज्य माझं आहे, असं राजा आत्ताच म्हणाला."

सारा दरबार खो खो हसला. सत्यजिव्ह हसला नाही. तो जन्मात मनात नसलेला एक शब्द बोलला नव्हता, त्याला हसू कुठलं येणार? तो उठला, उघड्या चौकात गेला आणि म्हणाला, "ऐका. माझी वाचा चालते आहे तोवर या राज्यात उघड्या आकाशाखाली मनात नसताना जे जे बोलाल, ते ते शब्दाला शब्द घडेल. मनापासून बोलाल ते नुसतं बोलणं राहील." आणि तो तळ्यातल्या बेटावर राहायला गेला. त्याचे कान असे, की राज्यात कुठेही कुणी तोंड उघडलं तर त्याला तिथे ऐकू येई.

त्याच दुपारी बाजारात एकीने "माझ्या पोटात कावळे ओरडताहेत" असं म्हटलं आणि ते ओरडू लागले. प्रधान अंगणात म्हणाला, "माझं डोकं फिरलंय." फिरलं. चेहरा पाठीकडे गेला, तो तसाच राहिला. लोकांची बोबडी वळली. घराबाहेर कुणी तोंड उघडेना. काय बोलायचं ते छपराखाली, दारं लावून. शाप उलटा वापरायचाही प्रयत्न झाला, पण ठरवून बोललेलं ते मनातलंच झालं, त्याचा उपयोग झाला नाही.

याच राज्यात तळ्याकाठी सुभाना सुतार आणि त्याची बायको मंजुळा राहत होती. दोघंही सुतारकाम करत, आणि खरं सांगायचं तर मंजुळाचा हात नवऱ्यापेक्षा साफ होता. एके दिवशी सुभानाने तिची नवी पटाशी शेजारच्या केरबा कुंभाराला दिली. केरबाने त्या पटाशीने माती खरवडली, धार पार घालवली. मंजुळाचा असा संताप झाला, की आपण अंगणात उभ्या आहोत हे ती विसरली.

"अगं, दिली तर दिली," सुभाना हसत कुजबुजला, "दुसरी करू."

"गेलात उडत!" मंजुळा म्हणाली.

आणि सुभाना उडत गेला. पंख नाहीत, पिसं नाहीत, बसल्या जागेवरून मांडी घातलेलाच वर उचलला गेला. जांभळीच्या शेंड्यावरून गेला, तळ्यावरून गेला, ठिपका झाला. मंजुळाने तोंडावर हात दाबला. आता दाबून काय उपयोग? "परत या" असं ती शंभरदा म्हणाली, पण ते मनापासून होतं, म्हणून नुसतं बोलणं राहिलं. ती अंगणात उभीच होती, हातातली बोथट पटाशी तिने खाली ठेवली नाही.

तिच्या आढ्यावर एक म्हातारी साळुंकी राहत होती, ती बोलायची. ती म्हणाली, "सुभाना बेटावर आहे. खाली उतरता येत नाही त्याला. जादूगाराने पायाला दोरी बांधून ठेवलाय, पतंगासारखा."

"मी नाव बांधते."

"जादूगाराला गाठायला राजाने तीन बांधल्या. सुतार उघड्यावर बसले होते. पहिला म्हणाला, 'या कामात मी पुरता बुडालो.' गळ्यापर्यंत जमिनीत गेला, अजून तिथेच आहे. काम करताना माणूस बोलतोच. तू घरात बांध. आणि नावेवरही घर कर, छपराचं, खिडक्यांचं. बेटावर तो तुला बोलायला लावील. तेव्हा त्या घरात जाऊन बोल. खिडकीतून शब्द निसटला तर तो आकाशाखाली गेलाच म्हणून समज."

"लाकूड कुठलं आणू?"

"लाकूड वेताळाचं, राळ रडणाऱ्या झाडाची, खिडकीला अभ्रक नागाच्या खजिन्यातलं. तिघं तुझी जीभ पाहतील."

मंजुळा रानात गेली. वेताळ सागावर बसला होता. "किती लाकूड हवं?" त्याने विचारलं. "बारा हात लांबीच्या अठरा फळ्या, एक कणा, बरगड्यांसारखे वाकवायला नऊ बाक," मंजुळा म्हणाली. वेताळ झाडावरून पडता पडता राहिला. आजवर आलेला प्रत्येक जण "थोडंसं" म्हणाला होता आणि गाडाभर घेऊन गेला होता. त्याने मोजून लाकूड दिलं.

रडणारं झाड टेकडीपलीकडे होतं. त्याच्याखाली खरं दुःख बोललं तरच ते रडे. "त्यांना कुणी नेलं नाही, मीच घालवलं," मंजुळा म्हणाली. झाडाने दोन घागरी राळ ढाळली.

नागाच्या भुयारात हिऱ्यांचे ढीग होते आणि ढिगांना हात लावलेल्यांचे दगडी पुतळेही होते. नाग म्हणाला, "हिरे घे."

"नको."

"आधी सगळेच नको म्हणतात. आग्रह केला की घेतात. घे."

"नको."

"शेवटचं विचारतो."

"नागराज, हिऱ्यातून पलीकडचं दिसत नाही. मला अभ्रक द्या, चार पत्रे, एकेक हात रुंद." नागाने फणा खाली केला. पाहुण्याचं नको हे खरंच नको असतं, हा धक्का त्याला हजार वर्षांत पहिल्यांदा बसला होता.

मग मंजुळाने माजघरात नाव बांधली. चूल पडवीत गेली, अंथरूण माळ्यावर गेलं. कणा टाकला, बाक वाकवले, फळीला फळी भिडवली, फटीत कापूस ठासून वर राळ ओतली. वर चार हात लांब घर बांधलं, त्याला बाहेर उतरतं छप्पर केलं. मग खिडक्या. चौकटीचा खालचा उंबरा तिने बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला, पाणी थांबू नये म्हणून. अभ्रकाच्या कडेने मेणात भिजवलेली पट्टी बसवली, वर लाकडी पट्ट्या ठोकल्या. बाहेरून घागरभर पाणी ओतलं. आत एक ओघळ आला. तिने सगळं उचकटलं, पुन्हा बसवलं. पाणी थांबलं. मग साळुंकीला आत कोंडून ओरडायला सांगितलं. ऐकू आलं. पुन्हा उचकटलं. सातव्या खेपेला साळुंकी आत चोच वासून थयथयत होती आणि बाहेर काडीचाही आवाज नव्हता. बाहेरचं बोलणं मात्र आत ऐकू येत होतं.

बोथट पटाशीची लाज वाटून केरबा माणसं घेऊन मदतीला आला. त्याने नावेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा नावेकडे पाहिलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ही बाहेर कशी निघायची?"

मंजुळा मटकन खाली बसली. दाराचं माप तिने घेतलं होतं, पण नुसत्या नावेसाठी. वर घर चढवल्यावर उंची वाढते, हे अठरा फळ्या अचूक सांगणाऱ्या बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"भिंत पाडा," ती म्हणाली.

भिंत पाडली. चाळीस माणसं मुकाट्याने नाव ढकलू लागली. नाव जागची हलेना. कुणाच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. घामाघूम झालेल्या केरबाला राहवलं नाही. तो फणकारला, "वा! काय हलकी आहे, अगदी फुलासारखी!"

चाळीस माणसं तोंडावर आपटली. नाव फुलासारखी हलकी झाली होती. केरबा डोळे फाडून पाहत राहिला, मग त्याने ती तळहातावर उचलली आणि पाण्यात नेऊन ठेवली. मंजुळाने पदर तोंडात कोंबला आणि वल्हं मारलं.

बेटावर सुभाना दोन ताडांइतका उंच तरंगत होता, दाढी वाढलेला, उन्हाने काळवंडलेला. दोरीचं टोक हातात धरून सत्यजिव्ह पाण्यात उतरला आणि नावेच्या फळीवर चढला.

"बाई, तीन प्रश्नांची उत्तरं दे, मग नवऱ्याला ने. मनात नसलेला एक शब्द आला, तर तो घडेल."

मंजुळा आत गेली. दार लावलं, चारही खिडक्या तपासल्या.

"नवऱ्यावर तुझा राग आहे?"

आत मंजुळाचे ओठ हलले. सत्यजिव्हाने कान टवकारले. काही नाही.

"तू त्याला का घालवलंस?"

मंजुळा खूप वेळ बोलत होती. हातवारे करत होती, डोळे पुसत होती. मुंगीचं पाऊल ऐकणाऱ्या त्या कानांत एक अक्षर आलं नाही. सत्यजिव्ह घाबरला. त्याने अभ्रकाला कान लावला, चौकटीवरून बोट फिरवलं, नखाने फट शोधली. फट नव्हती.

"तो परत आला तर काय करशील?" त्याने तिसरा प्रश्न ओरडूनच विचारला.

मंजुळा बोलली. दोन वितींवरून, त्याच्या डोळ्यांत पाहत बोलली, आणि त्याला ऐकू आलं नाही. सत्यजिव्ह दोन पावलं मागे सरला. समोर माणूस बोलतो आहे आणि शब्द नाही, असं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"अगं बाई! काय या खिडक्या! माझी तर वाचाच बसली!" तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, ज्याची वाचा बसते तो असं बोलू शकतो का? सत्यजिव्ह जन्मात पहिल्यांदा मनात नसलेलं बोलला, तेही उघड्या आकाशाखाली. त्याची वाचा बसली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दोरी हातातून सुटली. सुभाना वरून पडला तो थेट बेटावरच्या गवताच्या गंजीत.

वाचा गेली तसा शापही गेला. प्रधानाचं डोकं सरळ झालं, सुतार जमिनीतून वर आला. तळ्याकाठची माणसं आधी भीत भीत, मग मोठमोठ्याने बोलू लागली. "मेलो रे हसून!" असं कुणीतरी ओरडलं आणि कुणी मेलं नाही. पुढे राजाने सत्यजिव्हाची माफी मागितली, ती मनापासून मागितली, आणि त्याला नगरात घर दिलं. लोक आपली गाऱ्हाणी त्याच्यापुढे बोलून येत. तो ती नीट ऐकून घेई.

पण ते पुढचं. तेव्हा नाव बेटावरून निघत होती. सुभाना फळीवर बसला होता, पाय जमिनीवर टेकवण्याची त्याची सवयच गेली होती.

"आत काय बोलत होतीस गं?" त्याने विचारलं. "सांग इथेच. आता बाहेर बोललं तरी चालतं."

"ठाऊक आहे," मंजुळा म्हणाली. "आत चला."

तिने त्याला आत नेलं आणि दार ओढून घेतलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही. सत्यजिव्हाच्या कानांना जे ऐकू आलं नाही, ते माझ्या कुठून येणार? काठावर उभ्या केरबाने एवढंच पाहिलं, की अभ्रकाच्या खिडकीआड वहिनींचे ओठ हलताहेत आणि सुभाना दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतो आहे. वल्हं मारायला बाहेर कुणीच नव्हतं. पुन्हा जड झालेली ती नाव वाऱ्याने हळूहळू काठाला लागली, आणि तरी बराच वेळ दार उघडलं नाही.