भिंतीवरची वाकळ

"माझं वाजवणं बिघडलंय, की माझी खोली?"

कौस्तुभनं अगदी याच शब्दांत विचारलं होतं का, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. पण ऐकलेलं वाक्य कोणतं आणि मागाहून आपणच मनात जुळवलेलं कोणतं, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

मिरज, दस्तगीरचाचांची खोली, जानेवारीतली सकाळ. एवढं नक्की.

चाचा सतार शिकवत. कौस्तुभ त्यांच्याकडे नऊ वर्षं शिकला आणि मग स्वतःचं संगीत करायचं म्हणून बाहेर पडला. कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही. सांगलीतल्या घरात आपणच रचायचं, आपणच वाजवायचं, आपणच रेकॉर्ड करायचं. मी त्याचा शेजारी. मला त्यानं साक्षीदार म्हणून आणलं होतं.

"खोलीला काय धाड भरलीय?" चाचांनी विचारलं. खांद्यावरून वाकळ घेऊन बसले होते.

"काही नाही. सरांनी सांगितली तश्शी केलीय."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. जाड, मऊ कापड आवाज शोषून घेतं, आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळीइतकं चांगलं कापड बाजारात मिळत नाही, असं मी घाईघाईनं सांगितलं.

"म्हणून चारी भिंतींना वाकळी ठोकल्यात," कौस्तुभ म्हणाला. "आणि काम हिवाळ्यातच. पंखा बंद ठेवता येतो ना. सात रचना झाल्या, चाचा. अशा झाल्यात, की तुम्हीसुद्धा मान डोलवाल."

"मीसुद्धा? बाप रे."

"आठवीच अडलीय. शिवरात्रीला पंखे सुरू होतील. मग वर्ष गेलं."

"ऐकव."

फोनवर आठवी रचना वाजली. मला तरी दोष सापडला नाही. अर्थात, माझ्या कानाचा काय भरवसा.

"हे धुतलेलं आहे," चाचा म्हणाले. "न धुतलेलं लाव."

कौस्तुभनं नाखुशीनं मूळचं, साफ न केलेलं रेकॉर्डिंग लावलं. आलाप सुरू झाला. एक मींड तार खेचत वर चढता चढता... भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं.

"कोण?"

"आई. शेजारच्या खोलीत झोपते. नेमकी तिथंच खोकते. मी पुन्हा वाजवतो, ती पुन्हा खोकते."

"मग?"

"मग त्या भिंतीला अजून एक वाकळ लावली."

"आणलीस कुठनं?"

कौस्तुभनं फोन उगाच सरळ केला.

"अरे, आणलीस कुठनं? घरातल्या सगळ्या तर आधीच ठोकल्यास."

"तिच्याकडं शाल आहे," कौस्तुभ म्हणाला.

मी खाली पाहिलं. ती वाकळ ठोकताना दुसरं टोक मी धरलं होतं.

चाचांनी खांद्यावरची वाकळ काढली. वाजत असलेला फोन उचलला, वाकळीत गुंडाळला, वरून दोन वेढे दिले.

"येतो ऐकू?"

"नाही."

"वा. सरांचं बरोबर आहे."

अंगात नुसतं बनियन. दार उघडं. वारा सरळ त्यांच्या पाठीवर येत होता. ते तसेच बसून राहिले...

मग खोकले. एकदा. थांबून पुन्हा, बराच वेळ.

कौस्तुभनं वाकळीकडे हात नेला. चाचांनी तो धरला.

"राहू दे. रेकॉर्डिंग चाललंय."

कौस्तुभचा चेहरा उतरला. पण हट्टी पोरगा.

"ते समजलं, चाचा. आज घरी गेलो की काढतो ती. पण माझं वाजवणं..."

"तू वाजवतोयस कुठं? तू खोकल्याची वाट बघतोयस. मींड चढायच्या आधीच तुझा हात दचकतो."

"मग ती एक वाकळ काढली, की..."

"एकच?"

"बाकीच्या काढल्या तर खोली घुमेल!"

"घुमू दे की. खोलीच आहे ती."

आम्ही उठलो. कौस्तुभनं स्वतःच्या हातानं वाकळ चाचांच्या खांद्यावर घातली, गळ्यापाशी नीट खोचली. त्यांनी घालू दिली.

आम्ही उंबऱ्याबाहेर चपला घालत असताना चाचा मागून काहीतरी म्हणाले. मी वाकलेलो होतो. रस्त्यावरून टेम्पो जात होता. जे ऐकलं असं वाटलं ते इतकं नेमकं होतं, की ते माझंच असावं, अपराधी मनानं रचलेलं, असा संशय मला अकरा वर्षं होता. कौस्तुभला विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या डिसेंबरात त्यानं त्या हिवाळ्याची वही आपण होऊन दाखवली. तारीख तीच. खाली, आठव्या रचनेच्या पानावर, त्याच्या अक्षरात पेन्सिलनं तेच वाक्य लिहिलं होतं:

चाचा म्हणाले, "आईचा खोकला थांबला की ऐकवायला ये. नाही थांबला, तर तोही ऐकव."