पाळण्यावरचं आभाळ

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक चितारी आणि त्याची चितारीण असं जोडपं राहत होतं.

देवळाच्या भिंती, लग्नघरची दारं, पालख्यांचे पडदे, सगळ्यांवर या चिताऱ्याचा हात फिरलेला असे. त्यातही आभाळ काढावं तर त्यानंच. गावातले लोक गमतीनं म्हणायचे, याने भिंतीवर काळा ढग काढला की बायका वाळत घातलेले पापड उचलून घरात नेतात!

माणूस मायाळू होता. आवाज चढवून कधी कुणाशी बोलला नाही. पण त्याच्या हाताला एक खोड होती. दुसऱ्याची रेघ वाकडी गेलेली त्याला बघवत नसे. कुणी शिकायला आलं की तो मन लावून शिकवायचा, पण शिकणाऱ्यानं कुंचला टेकवला रे टेकवला की म्हणायचा, "अहं, असं नाही. आण इकडे." कुंचला त्याच्या हातात जायचा, चित्र सुरेख व्हायचं, आणि शिकणारा हळूहळू यायचा बंद व्हायचा. चिताऱ्याला वाटे, लोकांना चिकाटी म्हणून नाही.

चितारीण घरात रंग करायची. पाट्यावर नीळ वाटायची, गेरू चाळायची, खडू कुटून वस्त्रगाळ करायची आणि नारळाच्या करवंट्यांत भरून नवऱ्यापुढे ठेवायची. तिच्या नखांतली नीळ सणावारालाही निघत नसे. कुंचला मात्र तिनं कधी हातात धरला नव्हता. धर असं कुणी म्हटलंही नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक तुळसा लांबच्या गावी दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, असा निरोप आला आणि घरात धांदल उडाली. पाळणा माळ्यावरून खाली आला. डिंक, खारीक, अळीव जमू लागलं. चितारीण पाळणा पुसत होती. पुसता पुसता ती थांबली, मान वर करून छपराकडे बघत राहिली.

"काय बघतेस?" चिताऱ्यानं विचारलं.

"अहो, तान्हं मूल उताणं पडलेलं असतं. त्याला दिवसभर काय दिसणार? हे काळवंडलेलं आढं आणि कोळिष्टकं. पाळण्यावर कापडाचं छत लावू या. त्यावर आभाळ असू दे."

"एवढंच ना? उद्या काढून देतो."

चितारीण पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी काढू? तुम्ही शिकवाल का मला?"

चिताऱ्याला खरोखर आनंद झाला. त्यानं जाडसर पांढरं कापड आणलं, त्याला तांदळाची खळ दिली, लाकडी चौकटीवर ताणून बसवलं. ऊन कलल्यावर दोघं पडवीत बसली.

"आभाळ फार सोपं असतं गं," तो म्हणाला. "घर काढायचं तर कोन चुकतो, माणूस काढायचा तर नाक चुकतं. आभाळाला ना कोन, ना नाक. आधी कापड पाण्यानं ओलं कर. आता वरच्या कडेला दाट नीळ लाव. दर हाताला थोडं पाणी वाढवत खाली ये. डोक्यावरचं आभाळ गडद असतं, डोंगराकडे उतरताना फिकं होत जातं."

"आणि ढग?"

"ढग काढायचाच नाही. नीळ ओली आहे तोवर चिंधीनं टिपून घ्यायची. जिथून रंग उचलशील तिथं ढग. डोकं पिंजलेल्या कापसासारखं गोल ठेवायचं, तळ बसकट. तळाला राखाडी रंगाचा हलका हात दिला की झालं."

चितारिणीनं कुंचला धरला. नीळ एका जागी दाट बसली, दुसऱ्या जागी उडाली. पण ती रंगली होती. ओठ घट्ट मिटून, मान वाकडी करून ती चिंधीनं रंग टिपत होती.

"अहं, असं नाही. आण इकडे." चिताऱ्यानं तिचा पहिला ढग नीट करून दिला. मग दुसरा. तिसऱ्या ढगाला ती हळूच म्हणाली, "हा राहू द्या माझा." तो हसला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी चितारीण धुणं घेऊन नदीवर गेली. चितारी पडवीत एकटाच होता. समोर ते आभाळ. तिसरा ढग एका बाजूला फुगला होता, तळ तर नव्हताच. त्याला चैन पडेना. त्याच्या मनात आलं, 'जरासा हात फिरवला तर बिघडलं कुठं? तिलाच बरं वाटेल.' त्यानं कापड जरा ओलं केलं. जरासा हात फिरता फिरता सगळ्या कापडावरून फिरला. खाली संध्याकाळच्या उजेडाचा पिवळा पट्टा आला, त्यावर गेरूची लाली आली. पिवळं आणि निळं एकमेकांत मिसळून हिरवट होऊ नये म्हणून मध्ये त्यानं कोरी पांढरी रेघ राखली. इतकं देखणं आभाळ त्यानं देवळातही काढलं नव्हतं.

चितारीण परत आली तेव्हा दारात कासारीण टेकली होती. तुळसाच्या डोहाळजेवणाच्या बांगड्या दाखवायला ती आली होती, पण तिची नजर त्या छतावरून हलत नव्हती.

"चितारीबुवा, काय हात आहे हो तुमचा! देवानं बघावं असं आभाळ!"

चितारिणीनं धुण्याची बादली खाली ठेवली. कापडापाशी गेली. आपला ढग कुठं होता ते तिनं शोधलं. तिथं आता पांढराशुभ्र, डौलदार, बसकट तळाचा ढग होता.

"छानच झालंय," ती म्हणाली. आणि धुणं वाळत घालायला गेली.

तिनं आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही. वेळेवर जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी पाट्यावर नीळ वाटली, करवंट्या भरून नवऱ्यापुढे ठेवल्या. फक्त कुंचल्याकडे पुन्हा बघितलं नाही.

"अगं, एक कोपरा पुसून पुन्हा कोरा ठेवलाय तुझ्यासाठी," चितारी म्हणाला. "तो तरी रंगव."

"नको. माझा हात लागला की बिघडेल."

हे ती रागानं म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. पण तिला ते खरंच वाटत होतं, आणि तेच त्याला लागलं. आपण काय केलं हे त्याला नीट उमगत नव्हतं, आपल्या हातून काहीतरी मोडलं एवढं मात्र कळत होतं.

घरात कामं पुष्कळ होती. चितारीण लाडवांत गुंतली होती आणि बाळासाठी शिवायला घेतलेलं दुपटं फळीवर अर्धवट पडलं होतं. तिला हातभार लागावा म्हणून चिताऱ्यानं एका दुपारी ते मांडीवर घेतलं. हातात कुंचला खेळवणारा माणूस. त्याला वाटलं, सुई काय अवघड आहे? पण सुई ऐकेना. टाका कधी मुंगीएवढा पडे, कधी गोगलगाईएवढा. ओळ म्हशीच्या वाटेसारखी वाकडीतिकडी गेली. बोटाला दोनदा टोचलं. तेवढ्यात चितारीण मागं येऊन उभी राहिली.

चिताऱ्यानं ओशाळून दुपटं पुढं केलं. "फारच वाकडं झालंय. उसव तू."

तिनं दुपटं हातात घेतलं, त्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ते घेऊन आत गेली.

दुपटं पुरं झालं तेव्हा त्यानं उलगडून पाहिलं. तिचे टाके सरळ, बारीक, मोत्यांसारखे. आणि त्यांच्या मधोमध त्याची वाकडी ओळ होती तशीच.

"उसवली नाहीस?"

"कशाला?" चितारीण म्हणाली. "आजोबांनी शिवलंय, हे बाळाला मोठेपणी दाखवीन ना. उसवल्यावर काय दाखवू?"

ती सहज बोलून गेली. टोमणा नव्हता त्यात. पण चितारी दुपटं हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसला. आजवर शिकणं अर्ध्यावर टाकून निघून गेलेले सगळे शिकणारे त्याला एकेक करून आठवले. कुणाचाही एकसुद्धा वाकडा ढग त्यानं राहू दिला नव्हता.

तो उठला. चौकटीवरून ते देखणं छत त्यानं उतरवलं, खांद्यावर टाकलं आणि नदीची वाट धरली.

घाटावर कासारीण पाय धूत होती. तिनं बघितलं तर चितारी गुडघाभर पाण्यात उभा, आणि ते आभाळ पाण्यात बुडवतोय!

"अहो बुवा, वेड लागलं की काय? असं चित्र पुन्हा होणार आहे का?"

"नाही होणार," चितारी म्हणाला.

त्यानं कापड चोळलं. हात जड झाले होते त्याचे. गेरूची लाली आधी सुटली, मग पिवळा पट्टा, मग नीळ. त्याच्या पायांभोवती पाणी निळं झालं, पुढं गेलं आणि साधं पाणी झालं. कापड पिळून त्यानं घरी आणलं, वाळवलं, खळ दिली, पुन्हा चौकटीवर ताणलं. मग स्वतः पाट्यापाशी बसून नीळ वाटू लागला.

वाटण्याचा आवाज ओळखीचा वाटेना, म्हणून चितारीण बाहेर आली. कोरं कापड बघून ती जागीच थांबली.

"आभाळ कुठं गेलं?"

"धुऊन टाकलं." त्यानं मान वर केली नाही. "तुझा ढग पुसायला नको होता मी. चुकलंच माझं. हे कापड तुझं. वाटलं तर काढ. नाही वाटलं तर कोरं छत लावू, पण माझा हात आता याला लागणार नाही."

दोन दिवस ते कापड तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी लाडू वळून झाले, तिनं हात धुतले, पदर खोचला आणि कुंचला उचलला.

चितारी पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. तिनं कापड ओलं केलं, वरून नीळ ओढत खाली आणली. चिंधीनं एक ढग टिपला. बरा जमला. दुसऱ्यासाठी वर पुन्हा नीळ लावत होती, तेवढ्यात कुंचल्यात पाणी जास्त झालं आणि निळा ओघळ सरसरत खाली आला, थेट त्या पहिल्या ढगावर.

चिताऱ्याचा हात आपोआप उठला. त्या ओघळाचं काय करायचं हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. चितारिणीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत धास्ती होती. पण ती ओघळाची नव्हती. ती त्याच्या त्या उठलेल्या हाताची होती.

चिताऱ्यानं हात खाली घेतला. दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले आणि गप्प बसला. असं गप्प बसणं त्याला फार जड गेलं.

चितारीण ओघळाकडे बघत राहिली. चिंधीनं टिपून पाहिलं, ढग आणखी मळला. मग तिनं काजळी आणि खडू कालवून राखाडी रंग केला आणि तो मळलेला ढग धीटपणे आणखी मोठा, आणखी काळा करून टाकला. तो एका अंगाला फुगला, दुसऱ्या अंगाला त्याला दोन शेंडे आले. तिनं मागं सरून पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"अगं बाई! ही तर पाण्यात बसलेली म्हैस!"

चितारीही हसला. इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग चितारीण आपण होऊन म्हणाली, "तळ बसकट कसा करायचा, ते परत सांगा ना."

"तळाशी चिंधी आडवी ओढायची, सरळ," त्यानं जागेवरूनच सांगितलं. "लांबचे ढग लहान आणि पातळ कर, जवळचे मोठे. म्हणजे आभाळ खोल दिसतं."

ती ऐकत होती, काही तसं करत होती, काही आपल्या मनानं. दिवस मावळायच्या आत छत पुरं झालं.

तुळसा आली, आणि यथावकाश तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला पाळण्यावर छत चढलं, गावातल्या बायका जमल्या. कासारिणीनं छताकडे बघून नाक मुरडलं, पण तुळसा खाटेवरून बघतच राहिली.

"आई, हे तू काढलंस?"

"हो. ती म्हैस आहे," चितारीण म्हणाली. "चुकून आलीये."

पुढं दुपारच्या वेळी गल्लीतल्या दोघी-तिघी बायका पडवीत येऊ लागल्या. "मलाही एक ढग काढून बघायचाय," म्हणायच्या. चितारी त्यांना शिकवायचा. विचारलं तेवढं सांगायचा, आणि कुंचला जिचा तिच्या हातात राहू द्यायचा. आता कुणी यायचं थांबलं नाही.

एके सकाळी बाळ पाळण्यात जागं होतं. वरच्या आभाळाकडे टक लावून ते मुठी हलवत होतं, मध्येच आवाज करून हसत होतं. चितारीण पाळण्याची दोरी धरून उभी होती. बाळ नेमकं कुठल्या ढगाकडे बघतंय ते ती वाकून वाकून बघत होती. चितारी दारातून आत आला आणि थबकला. त्यानं छताकडे पाहिलंच नाही. तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.

तात्पर्य: शिकवणाऱ्यानं वाट जरूर दाखवावी, पण शिकणाऱ्याचा वाकडा ढग त्याचा त्याला काढू द्यावा. आपण सरळ करून दिलेलं चित्र सुंदर होईलही, पण ते त्याचं राहत नाही.