मामाची बसकी गाडी

एका गावात एक भोळा मामा होता. भोळा हा आमच्या आक्काचा शब्द. बायको दुसरा शब्द वापरते, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. आणि तो मामा म्हणजे मीच. उगाच दुसऱ्याच्या नावावर कशाला खपवू?

सांगितलेलं काम मी सांगितलं तसंच करतो. झालेली चूक लक्षात ठेवतो. माझं जे काही वाटोळं झालं, ते या लक्षात ठेवण्यानंच.

आक्काच्या पौर्णिमाचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. भटजी माईकवरून पुकारतात आणि मामा हात धरून तिला घेऊन येतो. पौर्णिमाला मामा एकच. त्यामुळं आक्काचा नाइलाज होता.

आक्का म्हणाली, "गुणा, घरून कार्यालयापर्यंत पोरीला तुझ्याच गाडीतनं आण. पण केवढी उंच रे ती गाडी! जड शालू नेसून पोरगी चढणार कशी? जरा खाली करून घे. आणि हे बघ, बारा एकवीसचा मुहूर्त आहे. व्याही मुहूर्ताला फार कडक आहेत. एवढं एक काम तरी नीट कर बाबा."

या आक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलंय. तिचा चेहरा बघून मला गलबलून आलं. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, या कामात आक्काची मान खाली जाऊ द्यायची नाही. फक्त गाडी खाली जाऊ द्यायची.

गाडी जुनी, जीपच्या जातीची. रज्जाक मिस्त्रीनं वाकून बघितलं.

"नवीन सामान घालून खाली करायची तर वीस हजार लागतील, गुणाभाऊ."

"दोन आहेत."

मिस्त्री हसला. "मग आत वजन टाका. आपोआप बसेल."

मी कांद्याची आठ पोती टाकली. गाडी चार बोटं बसली. फुकटात! तशीच आक्काच्या दारात नेऊन उभी केली.

आक्का म्हणाली, "आणि पोरगी कुठं बसणार? कांद्यावर?"

हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सात पोती उतरवली. एक ठेवलं, तेवढाच गाडीला भार.

"तेही काढ मेल्या! काढायचं म्हटलं की सगळं काढावं माणसानं. अर्धवट ठेवू नये."

मी लक्षात ठेवलं.

पोती निघाली, गाडी पुन्हा वर. परत मिस्त्रीकडे. मिस्त्री कुणाच्या तरी गाडीखाली झोपून काम करत होता. तिथूनच म्हणाला, "टायरातली हवा काढून बघा."

मी काढली. सगळी काढली. अर्धवट ठेवतोय होय! गाडी अशी खाली आली की मला भरून आलं. पुढं ढकलायला गेलो तर जागची हलेना.

मिस्त्रीनं बाहेर येऊन कपाळाला हात लावला. "अहो, सगळी हवा कुणी काढतं का?"

"आक्कानं सांगितलंय. काढायचं तर सगळं काढ."

"ते कांद्याचं, गुणाभाऊ! गाडीचं काम असं नसतं. निम्मं करायचं आणि थांबून बघायचं."

मी लक्षात ठेवलं.

शेवटी मिस्त्रीलाच माझी दया आली. टायरात परत हवा भरून म्हणाला, "हे बघा, चाकावर कमानीचे पाटे असतात, एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. एका चाकाला पाच. प्रत्येकाचा एकेक काढला की गाडी बसते. सामान लागत नाही. मजुरी वाचवायची तर तुम्हीच हात घाला. कसं करायचं ते दाखवतो." त्यानं दाखवलं आणि तो जेवायला गेला.

चार चाकं. निम्मी किती? दोन. डावीकडच्या दोन्ही चाकांचे पाटे काढले आणि थांबून बघत बसलो. मिस्त्री परत आला तेव्हा गाडी डाव्या अंगाला कलली होती, आणि गाडी बघताना मीही तसाच कलून बसलो होतो.

मिस्त्रीनं माझ्या हातातला पाना काढून घेतला. उजवीकडचे पाटे त्यानं स्वतः काढले. आणि काय सांगू, गाडी झकास बसली! आक्का नुसती टेकली तरी आत जाईल इतकी खाली.

निघताना मिस्त्रीनं माझे दोन्ही खांदे धरले. "आता नीट ऐका. गतिरोधकावर गाडीचं पोट टेकेल. अडकली तर माणसं उतरवायची. वजन गेलं की गाडी उठते. आणि एकदा निघाली की थांबायचं नाही."

मी लक्षात ठेवलं. दोनदा म्हणूनही दाखवलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मागं पौर्णिमा बसली, तिच्याशेजारी माझी बायको कुंदा. पौर्णिमा अगदी अलगद बसली. "मामा, काय मस्त केलीत हो गाडी!" म्हणाली. माझी छाती फुगली. गाडी तेवढ्यानंही बोटभर खाली गेली असेल.

शाळेपाशी गतिरोधक आला. खर्रर्र झालं आणि गाडी टेकली. ना पुढं, ना मागं. बारा वाजून गेलेले. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी शांतपणे म्हणालो, "उतरा दोघी."

दोघी उतरल्या. गाडी उठली. मी गतिरोधक पार केला. एकदा निघाली की थांबायचं नाही, म्हणून थांबलो नाही. मागून कुंदा ओरडत होती. पण ती रोजच ओरडते.

कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा बारा चौदा झाले होते. माईकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" बँड थांबला. आक्का ओवाळायला ताट घेऊन उभी होती. मी ऐटीत उतरलो, गाडीचं मागचं दार उघडलं. पंचक्रोशीत एवढी बसकी गाडी नसेल. आत नवरी नव्हती.

"गुणा," आक्काचा आवाज बसला होता, "पोरगी कुठाय?"

"वजन उतरवलं."

आक्कानं ताट बाजूला ठेवून गाडीत वाकून बघितलं. व्याही घड्याळाकडे बघायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात आचाऱ्याचा भाजीचा टेम्पो आला. वर कोबीच्या गड्ड्यांत शालू खोचून पौर्णिमा उभी, शेजारी कुंदा. टेम्पो माझ्या गाडीच्या दुप्पट उंच. पोरीनं वरून धप्पकन उडी मारली. शालूचं काही बिघडलं नाही. म्हणजे गाडी खाली करायची गरजच नव्हती म्हणा.

बारा एकोणीस. आक्कानं पौर्णिमाचा हात माझ्या हातात दिला. दात ओठ खात म्हणाली, "आता हा हात धर. मी सांगितल्याशिवाय सोडलास तर याद राख!"

मी लक्षात ठेवलं.

मुहूर्त साधला. मंगलाष्टकं झाली. हार घालायला दोन हात लागतात, म्हणून पौर्णिमानं माझ्या हातासकट हार घातला. "मामा, सोडा ना," ती कुजबुजली. "आक्काला विचार," मी म्हणालो. आक्का तिकडं विहिणीच्या मानपानात. कन्यादानाला भटजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यांचंही दान करायचंय का?" कुंदा म्हणाली, "बघा, घेत असतील तर." सप्तपदीला आम्ही तिघं चाललो.

पाठवणीची वेळ आली. आक्का रडत होती. रडताना कोण काय सांगणार? नवरीबरोबर पाठराखीण जाते, आमच्याकडून पाठराखा गेला. नवरदेवाची गाडी नवीकोरी, देखणी. मागं नवरदेव, मधे पौर्णिमा, कडेला मी. माझ्या वजनानं तीही गाडी चार बोटं खाली बसली. फुकटात.

शाळेपाशी गतिरोधक आला. खर्रर्र झालं.

ड्रायव्हर नवखा होता, बिचारा घाबरला. मी म्हणालो, "घाबरू नका, यातला मी जाणकार आहे. वजन उतरवायचं. आणि एकदा निघाली की थांबायचं नाही, ध्यानात ठेवा."

मी उतरलो. हात सोडायचा नव्हता, म्हणून पौर्णिमाही उतरली. गाडी उठली, निघाली. ड्रायव्हर माझ्यासारखाच सांगितलेलं ऐकणारा निघाला. मागच्या काचेतून नवरदेव दोन्ही हात हलवत होता. मीही हात हलवला. मोकळा होता तो.

गाडी वळणाआड गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच राहिलो. पौर्णिमा त्या वळणाकडे बघत होती.

"मामा, आता?"

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हात धरलाय मी."