साहेबाचं बोट आणि पंतांची फारसी

“साहेब आठ दिवसांत फारसी बोलला नाही, तर तुमची पारसनीसी गेली म्हणून समजा!” सरदार निंबाजीराव गरजले. “काल काय केलं, आज काय करतो, उद्या काय करणार, सगळं सांगता आलं पाहिजे. तेही वही न उघडता!”

दरबारची फारसी पत्रं लिहिणारे पारसनीस त्रिंबकपंत घाम पुसतच बाहेर पडले. हॉब्सन साहेब हा सरदारांचा पाहुणा. दोन वर्षं तो पंतांकडे फारसी शिकत होता. नुसत्या क्रियापदांनी त्याने तीन वह्या भरल्या होत्या. पण बोलायची वेळ आली की दातखीळ!

“बोलेल कशाला?” साहेबाची स्वयंपाकीण येसू पंतांना म्हणाली. “बोट दाखवलं की चार माणसं धावतात! उद्यापासून तुम्ही ताटाशी बसा. साहेबानं फारसीत धड मागितलं, तरच मान डोलवा. तोवर साधा वरणभात!”

दुसऱ्या दिवशी साहेबाने भाजलेल्या कोंबडीकडे बोट दाखवलं. येसूने ते बोट निरखून पाहिलं.

“नख वाढलंय, साहेब. न्हाव्याला बोलावू?”

साहेब लालबुंद! कोंबडी आत गेली. संध्याकाळी त्याने वही उघडून ‘खाणे’ची बावीस रूपं घडाघडा वाचली. पंतांची मान हलेना. चौथ्या दिवशी अंघोळीत साहेबाच्या डोळ्यांत साबण गेला, तेव्हा कुठे “पाणी आणा!” एवढं फारसीत बाहेर पडलं. पंतांना तेवढ्यानेही भरून आलं.

आठव्या दिवशी भर दरबारात साहेब उभा राहिला आणि पुन्हा दातखीळ! पंतांनी डोळे मिटले. गेली पारसनीसी!

तेवढ्यात येसू वाफाळती कोंबडी घेऊन साहेबाच्या नाकासमोरून गेली आणि सरळ दाराकडे चालू लागली.

साहेब फुटलाच! “सरकार! काल या बाईनं माझी कोंबडी नेली! आज पुन्हा नेतेय! उद्याही नेईल! मी बोट दाखवतो आणि ही नखं बघते!”

सगळं अस्खलित फारसीत! वही काखेतच राहिली.

“काय गं,” निंबाजीरावांनी डोळे वटारले, “माझ्या पाहुण्याला उपाशी ठेवलंस?”

“नाही, सरकार. पंतांनी दोन वर्षं फारसी वाढूनच ठेवली होती. मी फक्त भूक लावली!”

सरदार पोट धरधरून हसले. पंतांची पारसनीसी वाचली आणि येसूच्या हातात सोन्याचं कडं आलं. साहेबाने हळूच कोंबडीकडे बोट दाखवलं.

“फारसीत!” अख्खा दरबार ओरडला.